चोपडीत असं नाही

आमच्या दांडिया बाजारातल्या घराला ओटला होता. ओटा नव्हे, ओटलाच. बडोद्याच्या मराठी घरांत असे कितीतरी गुजराती शब्द नांदतात. शेजारणीकडून काही घालून आलेली वाटी परत करायची राहून जावी, आणि वर्षभराने ती आपल्याच फडताळात आपल्याच वाट्यांमध्ये बेमालूम मिसळून जावी, तसे. पुण्याचे पाहुणे हसायचे. आम्ही पुस्तकाला चोपडी म्हणायचो, अडचणीला वांधा म्हणायचो आणि वाक्याच्या शेवटी 'ने' लावायचो. हसू देत, असं आजी म्हणायची. त्यांच्याकडे कुठे महाराज होते?

त्या ओटल्यावर दुपारी दोन सुपं येऊन बसत. एक माझ्या आत्याचं, एक समोरच्या बांचं. गहू निवडणं हे निमित्त. मी 'सरस्वतीचंद्र' ही कादंबरी पहिल्यांदा वाचली नाही, ऐकली. ती या दोन सुपांच्या मधे बसून, खडे मोजत.

बा १९०८ च्या सुमाराच्या. बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, मुलींनासुद्धा. त्यामुळे बांच्या घरच्यांना दंडाच्या भीतीने का होईना, मुलीला शाळेत घालावं लागलं. "मने तो सयाजीरावे वांचतां शिखवाड्युं," असं त्या म्हणत, आणि ते इतक्या ऐटीत म्हणत की लहानपणी मला खरंच वाटायचं, महाराज स्वतः पाटी घेऊन त्यांच्या दारात आले असतील. त्यांना सासरी पाठवताना वडिलांनी आण्यात तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर 'सरस्वतीचंद्र'चे चारही भाग दिले होते. त्यातला तिसरा कुणीतरी नेला तो परत केला नाही. बांना माणूस आठवत होता, पण नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. उरलेल्या तिन्हींची पाठ निघाली होती आणि ते लग्नातल्या शेल्याच्या तुकड्यात बांधलेले असत. पण मी त्यांना ते सोडून बसलेलं फारसं पाहिलं नाही. चोपडी त्यांच्या तोंडात होती.

ही कादंबरी नडियादच्या गोवर्धनराम त्रिपाठींची. अहमदाबादच्या गाडीत बसलं की आणंद मागे टाकल्यावर लागतं ते नडियाद. पहिला भाग १८८७ मध्ये आला, चौथा १९०१ मध्ये. म्हणजे पहिल्या भागाच्या वेळी ज्या वाचकाचं लग्न झालं असेल, त्याच्या मुलीला शेवटच्या भागाच्या वेळी स्थळं बघायला सुरुवात झाली असेल. त्या काळाच्या हिशेबाने तर नक्कीच. चौदा वर्षं गुजरातेतली घरं कुमुदचं पुढे काय होतं याची वाट बघत होती. आणि झालं काय? मुंबईच्या धनाढ्य बापाचा शिकलेला, हळवा मुलगा सरस्वतीचंद्र. रत्ननगरीच्या प्रधानाची मुलगी कुमुद त्याला वाग्दत्त. बापाने त्याच्या मनाविषयी संशय घेतला म्हणून हा घर, पैसा आणि कुमुद, सगळं एका झटक्यात सोडून निघतो. तिचं लग्न सुवर्णपूरच्या प्रमादधनाशी लावून देतात, आणि तो कसा, हे त्याच्या नावातच आहे. मग हा नाव बदलून, कुठे जाऊन राहतो? तर नेमका तिच्याच सासरी. पुढे प्रमाद मरतो. सुंदरगिरीवरचे साधू-साध्वीसुद्धा दोघांनी एकत्र यावं या मताचे होतात. आता काय अडचण? तर कुमुद स्वतःच नाही म्हणते आणि आपल्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, त्याच्याशी लग्न लावायला लावते.

यात राज्यकारभार, संस्थानं आणि इंग्रज, एकत्र कुटुंबाचं शास्त्र, स्वप्नं, संन्यास, कल्याणग्राम नावाच्या आदर्श गावाची योजना असं दीड हजाराहून अधिक पानांचं अरण्य आहे. गोवर्धनराम काही वर्षं भावनगरच्या दिवाणांचे चिटणीस होते, दरबारातली कारस्थानं त्यांनी जवळून पाहिली होती आणि ती लिहिलीही हात सैल सोडून. बा ते सांगत नसत. राजकारण आलं की त्या सुपाला एक झटका देत, फोलपट उडे, आणि त्याबरोबर शंभर पानं उडत. हे मला तेव्हा कळलं नाही. पुष्कळ पुढे कळलं की त्या ओटल्यावर मी एक चित्रपटच ऐकत होतो. कापलेला, जोडलेला, बांनी दिग्दर्शित केलेला.

आत्या ऐकायची. तिला गुजराती बोलता यायचं, वाचता यायचं नाही. ती बाविसाव्या वर्षी सासरहून परत आली होती, पांढऱ्या लुगड्यात. तेव्हापासून दुपारी तिचं सूप ओटल्यावर येत होतं. बांनी तिला ही कथा किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. मी ऐकली ती तिसरी की चौथी फेरी असावी, कारण बा अडखळल्या तर आत्याच पुढचं वाक्य पुरवायची.

आणि १९६८ साली गोविंद सरैयांनी 'सरस्वतीचंद्र' हिंदीत पडद्यावर आणला.

बडोद्याला तो जेव्हा लागला तेव्हाची आमच्या गल्लीतली हालचाल वरातीच्या तयारीसारखी होती. आई, आत्या, बा, बांच्या दोन सुना, शेजारची एक लग्नाळू मुलगी, आणि सोबतीला पुरुष माणूस म्हणून नऊ वर्षांचा मी. सूरसागरच्या काठाने चालत गेलो. पिशवीत लीलो चेवडा होता. बांनी नवी साडी नेसली होती. माझ्या लक्षात राहिलं कारण त्या देवदर्शनाला निघाल्या की तशा दिसत. निघताना आजोबांनी आठवण करून दिली की सिनेमाचा शोध लागण्याआधी दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकत होते, तेव्हा थेटरात मान वर करून बसायचं. आजोबांना सगळ्याच गोष्टींची मुळं बडोद्यात सापडत.

सगळीकडे रंगीत सिनेमे यायला लागले होते आणि हा कृष्णधवल. सुना जरा हिरमुसल्या. बांना मात्र ते पसंत पडलं. चोपडी पण काळ्यापांढऱ्यातच आहे ने, म्हणाल्या. (त्या छायाचित्रणाला नरिमन इराणींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कल्याणजी-आनंदजींना संगीताचा. या इराणींनीच पुढे 'डॉन' काढला आणि तो पडद्यावर यायच्या आधी ते गेले. सरस्वतीचंद्र आणि डॉन एकाच माणसाच्या हातून गेले, याची गंमत मला अजून वाटते.)

पडदा उजळला आणि पहिला गोंधळ आमच्याच रांगेत झाला. कुमुदचा तो दारुडा, बाहेरख्याली नवरा म्हणून समोर आला रमेश देव! आई पुढे वाकून बघायला लागली. "अगंबाई, हा आपला रमेश देव!" मग तिला प्रमादधन दिसेचना. तो कुमुदला टाकून बोलला की आई चुकचुकायची, पण त्या चुकचुकण्यात कुमुदपेक्षा रमेश देवचीच काळजी जास्त: याला ही असली कामं का देतात? आणि कुमुद नूतन. शोभना समर्थांची लेक, म्हणजे पुन्हा आपलीच. गुजरातच्या सर्वांत लाडक्या कादंबरीतलं नवराबायकोचं जोडपं मराठी निघालं, यावर मध्यंतरात बांची थोरली सून म्हणाली, "कुमुद अमारी, नूतन तमारी." चेवडा वाटता वाटता तह झाला.

गरब्याच्या गाण्याला अख्ख्या थेटराने टाळीचा ठेका धरला. नवरात्रात अर्धी रात्र मांडवात काढणारं शहर. बसल्या जागीच पाय हलत होते. पत्रातून फूल पाठवायचं ते लता-मुकेशचं गाणं आलं तेव्हा शेजारच्या लग्नाळू मुलीने पदराचं टोक चावलं. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती. नायक त्यागावर त्याग करत चालला तशी ती अस्वस्थ व्हायला लागली. शेवटी डोंगरावर दोघं समोरासमोर आले, आता कुणाची हरकत उरली नाही, तरी तो उभाच. तेव्हा अंधारातून आवाज आला, "अरे, परणी जा ने, भई!" लग्न करून टाक ना बाबा! थेटर हसलं. बाजूला बघितलं तर बांच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि तशाच त्याही हसत होत्या. आत्या मात्र हसली नाही, रडलीही नाही. ती पडद्याकडे अशी बघत होती जसं दळण घेताना तराजूकडे बघतात.

खरा सिनेमा दुसऱ्या दिवशी ओटल्यावर सुरू झाला.

"चोपडीमां आवुं नथी," हे बांचं पहिलं वाक्य, आणि पुढचे पंधरा दिवस तेच पालुपद. चोपडीत असं नाही. कुमुदच्या आईचा, गुणसुंदरीचा, अख्खा दुसरा भाग कुठे गेला? सासू, नणंदा, दीर, सगळ्यांना सांभाळत ती बाई कशी झिजते, हे नाही दाखवायचं तर दाखवायचं काय? कुमुदच्या सासऱ्याचा, बुद्धिधनाचा, कारभार कुठे गेला? (तो बांनी स्वतः आम्हाला कधीच सांगितला नव्हता. सुपाच्या झटक्यात उडवला होता.) सरस्वतीचंद्र इतका गोरागोमटा कशाला? तो विचार करणारा माणूस, त्याच्या कपाळावर एकसुद्धा आठी नाही! धाकटी सून म्हणाली, पण बा, गाणी छान होती. बांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती उठून आत चहा ठेवायला गेली.

माझे वडील रिफायनरीत नोकरीला. त्यांचं म्हणणं सरळ: चार भागांचं अडीच-तीन तासांत करायचं तर क्रूडसारखं तापवून हवा तेवढाच अंश काढावा लागणार, बाकीचा खाली राहणारच. बांना ते पटलं नाही. त्यांना अख्खं क्रूड हवं होतं.

आजोबा या चर्चेत उशिरा पडले. ते हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, आजोबांच्या बोलण्यात ते विलीन व्हायचं राहिलं होतं. ते आरामखुर्ची ओटल्याच्या तोंडाशी आणून म्हणाले, या कुमुदचं एकच चुकलं. ती बडोद्याच्या हद्दीत राहत नव्हती. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. साऱ्या देशाचा विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. ही बाई बडोद्याला आली असती तर तिला अर्ज मीच लिहून दिला असता.

"१९३१?" बा म्हणाल्या. "तोपर्यंत तर कुमुद माझ्याएवढी म्हातारी झाली असती."

सगळे हसले. आजोबांना चढ आला. बरं, ते सोडा. प्रमाद मेल्यानंतर तर प्रश्नच नव्हता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. सरकारची मनाई नाही, साधूंची मनाई नाही. कायद्याने जे दार एवढं उघडून ठेवलं त्यातून ही बाई जात नाही, म्हणजे दोष कुणाचा?

बांचा हात सुपात थांबला. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं. मग आईने पाहिलं. मग आजोबांनी स्वतः मान वळवून आत्याकडे पाहिलं. ती खाली बघून खडे वेचत होती आणि एक एक खडा बाजूला ठेवत होती. रस्त्यावरून भाजीची लारी गेली. आजोबा उठले, त्यांनी खुर्ची उचलली आणि आत नेली. ती खुर्ची त्यानंतर ओटल्यावर आली नाही. मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटलं, ऊन आलं म्हणून नेली.

त्या पंधरा दिवसांत आत्याने सिनेमाबद्दल एकच तक्रार केली. सगळे बोलून दमले होते तेव्हा कधीतरी, वर न बघता: "पाय मागे घेते ते दाखवलंच नाही."

"हां!" बा एकदम सरसावल्या. "ए तो कापी ज नाख्युं!"

तो प्रसंग मला पाठ होता, कारण बा तो सांगायला लागल्या की दोन्ही सुपं खाली ठेवली जात. कुसुमच्या लग्नाचा दिवस. सरस्वतीचंद्र अंतरपाटाकडे जायच्या आधी मागच्या परसात येतो. कुमुद तिथे एकटी. तो तिच्या पायाला हात लावायला वाकतो. ती पाय मागे घेते. म्हणते, पहिल्या वेळी सोडून गेलात तेव्हा मला विचारलं नाहीत. आता माझ्या सांगण्यावरून लग्नाला उभे राहताय. दोन्ही वेळा हिशेब माझ्याच खात्यावर? तो वाकलेला तसाच राहतो. आतून सनईचा आवाज येतो. ती आत निघून जाते. बा हे सांगताना स्वतःचे पाय, जोडवी वाजवत, पदराखाली ओढून घेत.

बा १९७९ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या मुलांनी घर विकलं, तिथे आता चार मजले उभे आहेत आणि खाली मोबाईलची दुकानं. आमचा ओटलाही रस्तारुंदीत गेला.

मधे बरीच वर्षं हा विषय निघाला नाही. २०१३ साली तो दोन दारांनी घरात शिरला. पुण्याहून आलेली भाची 'दुनियादारी' बघून धुमसत होती. सुहास शिरवळकरांचं पुस्तक तिने होस्टेलवर पोरींच्या घोळक्यात वाचलं होतं, आणि पडद्यावरचा दिग्या तिच्या मनातला दिग्या नव्हता. "पुस्तकात असं नाहीच आहे मुळी," असं ती तावातावाने म्हणाली तेव्हा मला पंचेचाळीस वर्षांनी बांचा सूर ऐकू आला, फक्त भाषा बदललेली. तिला मी विचारलं, तुझा दिग्या कसा होता? तिने जे वर्णन केलं त्यात तिच्या एका मामेभावाचं नाक होतं, हे माझ्या लक्षात आलं. मी बोललो नाही.

आणि त्याच वर्षी स्टार प्लसवर संजय लीला भन्साळींची 'सरस्वतीचंद्र' मालिका सुरू झाली. काळ आजचा, सरस्वतीचंद्र दुबईहून येणारा, घरातल्या बायका स्वयंपाकघरातसुद्धा लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. आत्या तेव्हा पंच्याऐंशीची. मी तिला रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसवायचो. गोवर्धनरामांनी चौदा वर्षं ज्याची वाट बघायला लावली आणि शेवटी दिलं नाही, ते या मालिकेने देऊन टाकलं: सरस आणि कुमुदचं लग्न लागलं. मला वाटलं, आत्याला काहीतरी वाटेल. लग्नाचा भाग चालू असताना तिचा डोळा लागला होता. जाहिरातींच्या आवाजाने जागी झाली आणि मला विचारलं, "पाय मागे घेतले का?"

दुसऱ्या दिवशी मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून १९१० मध्ये उभं केलेलं हे ग्रंथालय. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढवलेल्या, आणि मधल्या फरश्या जाड काचेच्या, वरचा उजेड खालच्या पुस्तकापर्यंत झिरपावा म्हणून. मी नोकरीतून मोकळा झालेलो, वेळ हाताशी होता. चौथा भाग घेऊन बसलो. गुजराती वाचता येतं मला, पण गोवर्धनरामांची गुजराती म्हणजे संस्कृतच्या चाकांचा रथ. पानापानाला आसावर तेल घालावं लागतं. पाच आठवडे लागले. मग दुसरा, मग पहिला. बांचा हरवलेला तिसराही वाचला. बुद्धिधनाच्या कारभारात तर मी असा गुंतलो की चहाची वेळ टळायची. आजोबांना तो फार आवडला असता.

पाय मागे घेतल्याचा प्रसंग मला कुठेच सापडला नाही.

परसातला नाही, डोंगरावरचा नाही. हिशेबाचं वाक्य नाही. गोवर्धनरामांची कुमुद शेवटी शांत होते, उंच होते, क्षमा तिच्या चेहऱ्यावर दिव्यासारखी लागते. ती कुणाला खातं दाखवत नाही. मी चौथ्या भागाची शेवटची पानं पुन्हा वाचली. न जाणो, दुसऱ्या कुणाच्या तोंडी असेल. मग काचेच्या फरशीखालून चालणाऱ्या कुणाची तरी सावली बघत बसलो. म्हणजे बांनी पुस्तक वाचलं, मिटलं, शेल्यात बांधलं, आणि कुठल्यातरी दुपारी, समोर पांढऱ्या लुगड्यातली बाविशीची मुलगी पहिल्यांदा सूप घेऊन येऊन बसली तेव्हा, गोष्ट त्या ठिकाणी आली आणि बांना ती तशी पुढे नेववेना. की त्याच्याही आधी, स्वतःसाठीच? हे विचारायला आता समोर चार मजले आहेत. आणि एवढं सगळं करून त्या सिनेमावाल्यांवर रागावल्या, की तुम्ही चोपडीशी इमान राखलं नाहीत!

हे आत्याला सांगावं की नाही, या विचारात मी चार दिवस काढले. शेवटी एका सकाळी ती मटार सोलत बसली होती तेव्हा सांगितलं. चारही भाग वाचले, आत्या. तो प्रसंग नाहीये त्यात.

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"पानंबिनं फाटलेली नव्हती ने?"

"नव्हती."

तिने एक शेंग दाबली, उघडली, दाणे ताटात पाडले.

"मग त्यांचं लिहायचं राहून गेलं असेल," आत्या म्हणाली, आणि निम्म्या शेंगा माझ्या पुढ्यात सरकवल्या.